स्वागताध्यक्षीय भाषण : छापून काढलेला कॉलम



थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेल्या सूक्ष्म वाहिन्यांच्या चिप आणि लिक्विड क्रोमॅटोग्राफी, असा विषय घेऊन परिषद पुण्या-मुंबईला न भरवता इथे नाशिकमध्ये का, असे काहींनी विचारले. उत्तर इथल्या द्राक्षबागांत आहे. २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचे अवशेष मर्यादेबाहेर सापडले, माल अडकला आणि बागायतदार हवालदिल झाले. आज निर्यातीच्या बागेतला नमुना आधी प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्ट आल्यावरच कंटेनर भरतो. तिथे लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममध्ये, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीत, काय वेगळे होते आणि काय होत नाही, यावर इथल्या घरांचे वर्षाचे गणित अवलंबून असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत यांनी वॉर्सात पानांतली रंगद्रव्ये भुकटी भरलेल्या काचनळीतून वेगळी केली. पुढे कण बारीक होत दोन मायक्रॉनच्याही खाली आले, दाब हजार बारपर्यंत चढला. पण नळीत कण ठासण्याची रीत बहुतांशी तीच राहिली. ठासलेले कण कसेही बसतात, कुठे घट्ट तर कुठे सैल. द्रव सैल वाटेने पुढे पळतो, घट्ट जागी रेंगाळतो आणि एकाच पदार्थाचा पट्टा पसरट होतो. सिलिकॉनवर ओळीने खांब कोरून यावर तोड निघाली होती, पण ती सपाट पृष्ठावर. थ्रीडी छपाईमुळे तिन्ही मितींत प्रत्येक कणाची जागा आपण ठरवू शकतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात कॉनन फी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली असे कॉलम अखंड छापून दाखवले. त्यांतले कण शंभर मायक्रॉनहून मोठे होते, त्यामुळे बाजारातल्या कॉलमशी बरोबरीचा प्रश्नच नव्हता. पण दिशा मिळाली.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठाचे काम. ग्रेग नॉर्डिन आणि अॅडम वूली यांच्या गटाने २०१७ मध्ये १८ बाय २० मायक्रॉनची वाहिनी छापली. वरचा थर घट्ट करणारा प्रकाश खाली झिरपतो आणि पोकळीतले रेझिनही (चिप ज्यातून घडते तो प्रकाशाने घट्ट होणारा द्रव) गोठवून टाकतो, ही मोठी अडचण होती. त्यांनी ३८५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरला आणि तोच प्रकाश शोषणारे द्रव्य रेझिनमध्ये मिसळले. तयार रेझिनच्या बाटलीवर विसंबलेल्या आपल्या प्रयोगशाळांनी यातून एवढे नक्की घ्यावे, की रेझिनचे रसायन आपल्या हाती असले पाहिजे.

कारण खरा अडथळा तिथेच आहे. अॅसिटोनायट्रिल हे क्रोमॅटोग्राफीतले नेहमीचे द्रावक लागले की पुष्कळ रेझिने फुगतात आणि न जुळलेले रेणू द्रवात सोडतात. अवशेष मोजायला निघालेल्या यंत्रात मग यंत्राचेच अवशेष मिसळतात! धातूच्या छपाईत हा त्रास नाही. टास्मानिया विद्यापीठातल्या ब्रेट पॉल यांच्या गटाने टायटॅनियममध्ये कॉलम छापले आहेत. मात्र धातूतून आतला द्रव दिसत नाही, त्यामुळे प्रकाशाने ओळखायचे ते बाहेर ओळखावे लागते. म्हणूनच नुसती चिप छापून क्रोमॅटोग्राफी साधली, असा दावा करणारे शोधनिबंध मला पटत नाहीत.

तरीही या वाटेने जायलाच हवे. मिनिटाला एक मिलिलिटर द्रावक ओढणारे यंत्र चोवीस तासांत जवळपास दीड लिटर संपवते. मिनिटाला एक मायक्रोलिटरवर चालणाऱ्या चिपला तेवढ्याच वेळात दीड मिलिलिटर पुरते. द्रावक विकत घेणाऱ्या आणि नंतर त्याची विल्हेवाट लावणाऱ्या लहान महाविद्यालयांना या फरकाची किंमत चांगली कळते.

विद्यार्थ्यांनो, जेवणाच्या सुट्टीत पाहुण्यांना मोकळे सोडू नका. जमलेल्या प्रयोगांइतकेच फसलेल्या प्रयोगांबद्दलही विचारा. आणि पाहुण्यांना माझी एक विनंती आहे. चिपची परीक्षा शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या रंगांवर थांबवू नका, द्राक्षाच्या अर्कावर घ्या. साखर, आम्ले, सालीतली रंगद्रव्ये, सगळे असलेल्या अर्कावर. निफाड-दिंडोरीच्या बागांतले नमुने मिळवून देण्याची जबाबदारी स्वागत समितीची.