आधी नकाशा, मग निविदा



 निसर्गलेखनाच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आपल्याला हवेत; सडे, माळराने आणि गायरानेही टिकायला हवीत. दोन्ही साधता येईल, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी कामाचा क्रम मात्र बदलावा लागेल. कोणत्या जमिनीला हात लावायचा नाही, हे गावाला विश्वासात घेऊन आधी नकाशावर ठरावे आणि निविदा त्यानंतर निघावी. आज बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते.

विजेसाठी जमीन देण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1921 साली मुळशी खोऱ्यातले शेतकरी टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रहात उतरले. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण झालेच. कोळसा न जाळता मिळणारी ती वीज मुंबईच्या कामी आली, हे खरे. त्या विजेची किंमत खोऱ्यातल्या गावांनी चुकवली, हेही तितकेच खरे. वीज स्वच्छ असली म्हणजे ती आपोआप न्याय्य ठरत नाही, हा धडा शंभर वर्षांपूर्वीच आपल्याला मिळाला आहे.

आता सातारा जिल्ह्यातल्या सड्यांकडे पाहू. जांभ्याच्या कातळावर जेमतेम बोटभर माती. उन्हाळ्यात हा सडा पाहणाऱ्याला तो ओसाडच वाटेल. पण पावसाळ्यात त्याच मातीत सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा उमलतात. मातीत नत्र इतके कमी की सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास पठाराचा समावेश आहे. त्याच जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर अनेक वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तिथे केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपट विरळ झाले होते आणि त्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले होते. या सरड्यांच्या नराच्या गळ्याखाली निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगांचा पंखा असतो. गर्दीत वाढलेल्या या सरड्यांची अंगकाठी खालावली होती, पंख्याचे रंग फिके पडले होते आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. पाते फिरते आकाशात. परिणाम मात्र थेट कातळावरच्या सरड्यापर्यंत पोहोचतो.

म्हणून पवनचक्क्या नकोतच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. परिणाम होतो हे माहीत असताना तो आधी तपासण्याची सोय आपण ठेवलेली नाही, हे माझे दुखणे आहे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवन आणि सौर प्रकल्पांना पूर्वपरवानगीची अट नाही. वनजमीन लागली तर वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पण गवताळ माळ आणि सडे यांचा मोठा भाग वनखात्याच्या नोंदीत येतच नाही. महसुली दप्तरात तो पडीक असतो. त्या पडिकावर धनगरांची मेंढरे चरतात, लांडगा आणि तणमोर जगतात. यांपैकी कशाचीच दप्तरात नोंद नसते.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. हवामानच बिघडले तर कासची फुले कुठे राहणार? प्रत्येक अडवलेल्या प्रकल्पामागे चंद्रपूर-कोराडीत आणखी कोळसा जळतो आणि ती राख तिथल्याच लोकांच्या छातीत जाते. हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण घाईने निवडलेली जागाच वेळ खाते. माळढोकच्या अधिवासातल्या वीजवाहिन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कडक आदेश दिला, 2024 मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञ समिती नेमली. पक्षी आणि प्रकल्प दोघेही त्या काळात टांगणीला लागले. पक्ष्यांचा नकाशा आधी हाती धरला असता तर बराचसा संघर्ष टळला असता.

दुसरा आक्षेप असा की, देखाव्याचे प्रेम ही शहरी चैन आहे. गावाला रोजगार हवा, शेतकऱ्याला दिवसा वीज हवी. खरे आहे, रात्री विंचूकाट्यात पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला सौंदर्याची प्रवचने देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच मोलाची आहे. उपकेंद्राजवळ लहान प्रकल्प आणि खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, ही तिची रचना चांगली आहे. पण तोच प्रकल्प गायरानावर आला, तर लाभ एकीकडे आणि चराई गमावणारा भूमिहीन पशुपालक दुसरीकडे, अशी वाटणी होते. त्याच्यासाठी माळ हा देखावा नाही, पोटापाण्याचे साधन आहे.

केवळ छपरांवरच्या सौर विजेवर भागेल का, असेही विचारले जाते. भागणार नाही. एका मेगावॉट सौर विजेला साधारण चार-पाच एकर लागतात, त्यामुळे मोकळ्या जमिनी लागणारच. म्हणूनच पसंतीचा क्रम हवा: आधी घरांची, गोदामांची आणि कारखान्यांची छपरे, मग कालवे आणि खाणींच्या वापरून झालेल्या जमिनी, मग राजीखुशीने भाड्याने दिलेली हलकी शेतजमीन; सडे, गवताळ अधिवास आणि चराईची गायराने सर्वांत शेवटी, आणि तीही ग्रामसभेच्या खऱ्या संमतीनेच. यात खर्च थोडा वाढेल. तो वीज वापरणाऱ्या आपण सर्वांनी वाटून घ्यावा. एका गावावर लादू नये.

यात लेखकांचे काम कोणते? ज्या जमिनीची खरी नोंद दप्तरात नाही, तिची नोंद आपल्या लेखनात झाली पाहिजे. कोणत्या सड्यावर कधी काय फुलते, कोणत्या वाटेने कळप उतरतात, कोणत्या झऱ्यावर वाडी तगते, हे नेमकेपणाने, स्थळकाळासह लिहा आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीपर्यंत पोहोचवा. जिल्हानिहाय नकाशे जाहीर झाल्याशिवाय माळ आणि सड्यांवरच्या नव्या प्रकल्पांच्या निविदा काढू नयेत, असा ठराव या संमेलनाने करावा आणि शासनाकडे त्याचा पाठपुरावा करावा, ही अध्यक्ष या नात्याने माझी आग्रहाची सूचना आहे.