लाकडाशी जमलेलं सूत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला मुदत पाळायची सवय असते, तेव्हा चिंता नसावी. सोसायटीत मला ‘मॅनेजरसाहेब’ म्हणणारे आता थोडेच उरलेत. ही समोरची मंडळी मला ‘सुतारआजोबा’ म्हणतात, म्हणून त्याच नात्याने बोलतो. खरा सुतार मी नव्हे. वासरात लंगडी गाय शहाणी, एवढंच.

हा नाद नोकरीतच लागला. शाखेतून कारागिरांना छोटी कर्जं दिली जायची आणि पैसे योग्य कामाला लागले का, हे बघायला आम्हाला जावं लागे. एका सुताराच्या शेडमध्ये मी पाहणीला गेलो की तासभर निघतच नसे. रंध्यातून निघणाऱ्या त्या लांबच लांब कुरळ्या सालपटांकडे बघत बसायचो. तो एकदा म्हणाला, “साहेब, झाड तोडलं म्हणून लाकूड मरत नाही. पावसाळा आला की त्याला सगळं आठवतं.” निवृत्त झाल्यावर बोहरी आळीतून दोन पटाश्या, एक करवत आणि गुण्या आणला, जुन्या बाजारातून एक वापरलेला रंधा घेतला आणि बाल्कनीत दुकान मांडलं.

आपण इंच-सेंटिमीटर मोजतो, सुतार ‘सूत’ मोजतो. एका इंचाची आठ सुतं. बँकेत चुकीची नोंद पडली तर उलटी नोंद करून हिशेब जुळवता येतो. फळी एक सूत आखूड कापली गेली तर तिला उलटी नोंद नाही. म्हणून बँकेचाच नियम मी घरी आणला. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं. आमच्याकडे तपासनीस म्हणजे आमच्या सौ. त्यांनी टेप धरून ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय मी करवत लावत नाही. त्यांच्या मते, लग्नानंतर मी त्यांचं ऐकायला लागलो तो निवृत्तीनंतरच.

आता तुमच्या कामाची गोष्ट सांगतो. दर जुलैत माझ्याकडे तक्रारी येतात, “काका, दार लागत नाही हो, जरा तासून द्या.” मी सांगतो, थांबा. लाकूड हवेतली ओल पितं आणि रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. उन्हाळ्यात तेच लाकूड पुन्हा आक्रसतं. जुलैत दार तासलं, तर थंडीत त्याच दाराच्या फटीतून वारा आणि धूळ आत येते. म्हणून आधी बिजागरीचे स्क्रू बघा. निम्म्या वेळा ते ढिले होऊन दार खाली बसलेलं असतं. मग जिथे घासतं तिथे मेणबत्ती चोळा. तेवढ्याने भागलं नाही तर दिवाळी होऊ द्या, आणि तेव्हाही अडत असेल तरच रंधा मारा. तासलेल्या कडेला आणि दाराच्या वरच्या-खालच्या काठाला रंग किंवा वॉर्निश लावायला विसरू नका. रंगारी तिथे बहुधा ब्रश फिरवत नाहीत आणि ओल तिथूनच शिरते.

जुन्या कारागिरांना हे पाठ होतं. चौकटीत फळ्या बसवलेलं जुन्या पद्धतीचं सागवानी दार बघा. बाहेरची चौकट कूस आणि खाच घालून घट्ट जोडलेली असते, पण आतल्या फळ्यांना ना खिळा, ना सरस. त्या नुसत्या खाचेत सरकवलेल्या असतात, म्हणजे त्यांना फुगायला-आक्रसायला जागा राहते. फळी पक्की ठोकली तर ती एक ना एक दिवस तडकते.

पंचवीस वर्षं एका इमारतीत राहिल्यावर मला वाटतं, आपलंही असंच आहे. माझी ठाकठोक सुरू झाली तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्रपाळी करत आणि दुपारपर्यंत झोपत. एके दिवशी ते वर आले. भांडायला नाही, चहाला. चहा संपेपर्यंत ठरलं की हातोडी संध्याकाळी पाच ते सातच चालेल, बाकी वेळी फक्त काचकागद. ना अर्ज, ना नोटीस, ना मीटिंगमध्ये ठराव. चौकट घट्ट हवी, म्हणजे मेंटेनन्स वेळेवर, पाणी सगळ्यांना सारखं, हिशेब चोख. पण प्रत्येक घराला थोडी हालायला जागा हवी. कुणाकडे तान्हं मूल असतं, कुणाकडे आजारी माणूस, कुणाकडे दहावीचं वर्ष. हे सगळे ऋतूच आहेत.

दुसरी गोष्ट गेटवरच्या खुर्चीची. वॉचमन बसतो ती खुर्ची सगळ्यांनी पाहिली आहे. पाच वर्षांपूर्वी ती कचऱ्याच्या डब्याशेजारी पडली होती. अस्सल सागवान, फक्त दोन सांधे निसटलेले. सांधा उघडला, जुना वाळलेला सरस खरवडून काढला, फेव्हिकॉल लावून दोरीने पीळ देऊन आवळलं आणि दिवसभर तशीच ठेवली. एवढंच काम. ते शक्य झालं, कारण ज्याने ती बनवली त्याने ती उघडता येईल अशी बनवली होती. आजकालचं भुशाच्या बोर्डाचं कपाट दिसायला देखणं असतं, पण स्क्रूचं भोक एकदा फाटलं किंवा बोर्डात पाणी शिरलं की संपलं. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू सात वर्षांत तीनदा घेतली तर ती स्वस्त पडली का, हा हिशेब बँकवाल्याने तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक प्रसंग सांगतो, नाव न घेता. आपल्यातल्याच एका गृहस्थांच्या पत्नी गेल्या. त्यानंतर ते खाली फिरायलाही येईनासे झाले. एक दिवस त्यांच्या शिलाई मशीनचं लाकडी झाकण घेऊन माझ्याकडे आले. वरचं पॉलिश गेलेलं, कोपरा फुटलेला. कोपरा बसवायला मला एक दुपार लागली. घासायचं काम मात्र मी मुद्दाम त्यांच्याकडे दिलं. आधी जाडा काचकागद, मग मधला, मग बारीक, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. ते महिनाभर रोज येत होते. आम्ही फारसं बोलत नव्हतो. झाकणाला पॉलिश चढल्यावर त्यांनी ते उन्हात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “उद्या काय घासायचं?” दुसऱ्या दिवशी आम्ही बालवाडीचे पाट घ्यायला गेलो. आज ते या सभागृहात बसले आहेत आणि या स्टेजच्या दोन पायऱ्या त्यांनी केलेल्या आहेत.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. माझं वय शहात्तर. पटाशीवरची पकड आता पूर्वीसारखी राहिली नाही आणि पेन्सिलची रेघ दोनदा बघावी लागते. माझे रंधे, पटाश्या, करवती, शिकंजे, गिरमिट आणि धार लावायचा दगड मी सोसायटीला देतो. पंपरूमशेजारची रिकामी खोली द्यावी, एक दिवा आणि एक भक्कम टेबल एवढंच पुरे. रविवारी सकाळी दोन तास मी तिथे बसेन. यंदा रंगकाम निघणार आहे, घरोघरी सामान हलेल. कुठलीही लाकडी वस्तू भंगारात द्यायच्या आधी आठवडाभर तिथे आणून ठेवा. दुरुस्त होण्यासारखी असेल तर करू, नसेल तर तिच्या फळ्यांतून मुलांना काहीतरी करायला देऊ.

माझ्या दोनच अटी आहेत. ज्याला हत्यार वापरायचं आहे, त्याने आधी धार लावायला शिकायचं. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की ती सटकून हातात घुसते. दुसरं, काम झालं की हत्यारावर तेलाचा बोळा फिरवून ते जागेवर ठेवायचं.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी तिघांनी मागच्या सुट्टीत चिमण्यांसाठी घरटं केलं. एक बाजू थोडी तिरकी आहे, पण चिमणीने तक्रार केलेली नाही. येत्या रविवारी दहा वाजता या. येताना घरातली एखादी डुगडुगणारी वस्तू घेऊन या.