दिसलेला वाघ आणि असलेला वाघ

दिवेलागणीची वेळ असावी, कपाशीच्या ओळींतून घराकडे परतणाऱ्या शेतकऱ्याला बांधापलीकडे पिवळसर असे काही हललेले दिसावे, आणि गावात येऊन त्याने ‘वाघ दिसला’ म्हणून सांगावे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात हे वाक्य ऐकून कोणी हसत नाही. तालुक्याचे ठाणे जे पांढरकवडा, त्याच्या जवळच टिपेश्वरचे अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे हे रान १९९७ साली राखीव झाले. तेथून शेताच्या बांधापर्यंत येण्यास वाघाला एक रात्रही लागत नाही. परंतु हेच वाक्य इंग्लंडातील एखाद्या शेतकऱ्याने उच्चारले, तर त्याची बातमी होते, तिच्यावर वाद होतो, आणि वर्षे लोटली तरी तो वाद मिटत नाही.

‘वाघ दिसला’ आणि ‘वाघ आहे’ ही दोन वाक्ये एकच आहेत, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः पहिले वाक्य पाहणाऱ्याविषयी काही सांगते, दुसरे रानाविषयी. पहिल्यावरून दुसऱ्यापर्यंत कसे जावे, हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटला तरी केळापुरात त्याच्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहिलेले आहेत.

प्रथम इंग्लंडाची हकीकत पाहू. ब्रिटनच्या बेटावर मार्जारकुळातील मूळचे असे एकच जनावर आता रानटी अवस्थेत उरले आहे. ते म्हणजे स्कॉटलंडमधील रानमांजर, आणि तेही घरच्या बोक्याहून थोडेसेच थोराड. लिंक्स नावाचे त्याहून मोठे श्वापद तेथे होते, पण ते कित्येक शतकांपूर्वी नामशेष झाले. असे असूनही १९६० नंतरच्या दशकात लंडनजवळील सरे परगण्यातून प्यूमा दिसल्याच्या वार्ता येऊ लागल्या, आणि पुढे कॉर्नवॉलमधील बॉडमिनच्या माळावर काळ्या बिबट्याच्या.

ही परदेशी जनावरे तेथे येणार कोठून? या प्रश्नाचे उत्तर अगदीच कपोलकल्पित नाही. १९६९ साली लंडनच्या एका प्रख्यात दुकानातून दोघा तरुणांनी सिंहाचा छावा रीतसर विकत घेतला होता, इतकी मोकळीक त्या काळी होती. १९७६ साली कायदा झाला आणि धोकादायक रानटी जनावर पाळण्यास परवाना घेणे आवश्यक ठरले. तेव्हा पुष्कळ मालकांनी आपली जनावरे रातोरात माळावर सोडून दिली, असे लोक सांगतात. कोणी सोडलीही असतील. १९८० साली स्कॉटलंडमधील कॅनिक गावाजवळ एक प्यूमा मादी पिंजऱ्यात जिवंत सापडली. ती माणसांना इतकी सरावलेली होती की, अंगावरून हात फिरविलेला तिला आवडे. रानात वाढलेल्या जनावराचे हे लक्षण नव्हे, हे उघड आहे.

बॉडमिनच्या श्वापदाचा बोभाटा वाढला तेव्हा तेथील कृषिखात्याने चौकशी केली. १९९५ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. मात्र असे जनावर नाहीच, हेही सिद्ध करता येत नाही, असे त्यात म्हटले होते. ज्या चित्रांवरून लोक हादरले होते, त्यांतील जागांवर मोजपट्टी धरून पाहता काही ‘श्वापदे’ घरच्या मांजराएवढीच भरली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी फोवी नदीत एका मुलाला मोठ्या दातांची कवटी सापडली. आता तरी निकाल लागला, असे लोकांना वाटले. लंडनच्या निसर्गसंग्रहालयातील तज्ज्ञांनी ती तपासली. कवटी खरोखरच बिबट्याची होती. परंतु कातड्याच्या गालिच्याला मुंडके जोडण्यासाठी कापतात तशी ती मागून कापलेली होती, आणि तिच्या आत उष्ण प्रदेशातील झुरळाच्या अंड्यांचा कोश होता. म्हणजे बिबट्या खरा होता, पण तो मेला होता दूरच्या कोणत्या तरी देशात.

पाहणारे सगळे खोटे बोलत होते, असा याचा अर्थ नाही. मोकळ्या माळावर, संधिप्रकाशात, जवळ माप घ्यायला झाड नाही की खांब नाही, अशा ठिकाणी अंतराचा अंदाज चुकला की आकाराचाही चुकतो. शिवाय मनाने जे धरलेले असते ते डोळे पुरवितात. तेथे दिसणारी बहुतेक श्वापदे काळी असतात. काळा बिबट्या निसर्गात असतो हे खरे. पण प्यूमा काळा असल्याचे एकही खात्रीचे उदाहरण नाही. तरीही ‘काळा प्यूमा’ पाहिल्याचे लोक शपथेवर सांगतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा.

मग पुरावा म्हणावे तरी कशाला? याचे उत्तर जेथे वाघ खरोखरच आहे, तेथे शोधणे बरे. २०१६ सालापासून केळापूर व शेजारच्या राळेगाव तालुक्यांत माणसांवर हल्ले होऊ लागले. दोन वर्षांत तेरा जणांचे प्राण गेले. वनखात्याच्या दप्तरात ‘टी-१’ आणि लोकांच्या तोंडी ‘अवनी’ म्हणून जिचे नाव झाले, तिच्याकडे बोट दाखविले गेले. परंतु त्याच रानात एक नरही वावरत होता. म्हणून ठसे पाहिले गेले, झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतील चित्रे ताडून पाहिली गेली, जनुकीय परीक्षेचाही आधार घेतला गेला. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे ज्याचे त्याचे वेगळे असतात. त्यामुळे एक चित्र दुसऱ्याशी जुळविता येते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाच्या परिसरात ती वाघीण मारली गेली. तिला मारावे की पकडावे, मारण्याची रीत योग्य होती की नाही, यांवर देशभर कडाक्याचा वाद झाला. तथापि ती होती की नव्हती, हा वाद कोणीच घातला नाही. तिचे अस्तित्व मातीवर, गुरांच्या अंगावर आणि माणसांच्या घरांत लिहिले गेले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जनावर धूर्त असते. ते वर्षानुवर्षे लपून का राहू शकणार नाही? टिपेश्वरचेच वाघ या आक्षेपाला थोडे बळ देतात. २०१९ साली तेथील एका तरुण वाघाच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा बसविला होता. तो जून महिन्यात रान सोडून निघाला, आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, नाले, रस्ते ओलांडीत १३०० किलोमीटरांहून अधिक चालून वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात पट्टा नसता, तर इतक्या वस्तीतून एवढे मोठे जनावर गेले, यावर कोण विश्वास ठेवता? तसाच दुसरा वाघ डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगच्या रानात अकस्मात प्रकट झाला. त्याच्या पट्ट्यांवरून तो टिपेश्वरचा असल्याचे ओळखले गेले.

परंतु येडशीचीच गोष्ट पुढे पाहावी. जेथे वाघाची कोणालाही अपेक्षा नव्हती तेथेही तो लपून राहू शकला नाही. तो कॅमेऱ्यात आला, गुरे मारली गेली, ठसे उमटले. पूर्ण वाढलेल्या वाघाला आठवड्याकाठी एखादे मोठे जनावर, म्हणजे वर्षाला सुमारे पन्नास, मारावेच लागते. वाटसरू वाघ पाहणाऱ्याची नजर चुकवील; ठाण मांडून बसलेला वाघ आपल्या पोटाला चुकवू शकत नाही. आणि ज्यांची वंशपरंपरा पन्नास वर्षे चालली असे म्हणावयाचे, त्यांच्या माद्या, पिल्ले, म्हातारे, रोगी, रस्त्यावर गाडीखाली आलेले, असे कितीतरी देह हाती लागावयास हवेत.

परक्या मुलखातील मोठे मार्जार मुद्दाम सोडले तर काय होते, याचा दाखला मराठी वाचकाला दूर शोधावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणविले, आणि पुढे ते शिवपुरीच्या बाजूच्या रानात सोडले. थोड्याच काळात त्यांनी गुरे मारावयास आरंभ केला, माणसांवरही हल्ले झाले, आणि शेवटी ते सिंह पकडले गेले किंवा मारले गेले. एवढे मोठे संस्थान पाठीशी, एवढी दाट राने भोवती. तरीही त्यांची गोष्ट गुप्त राहिली नाही.

या मापाने इंग्लंडाचा निकाल पुष्कळसा लागतो. एखादे सुटलेले वा सोडलेले जनावर तेथे अधूनमधून फिरत असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत कोणी तरी चार लिंक्स सोडले, आणि चारही जण काही दिवसांतच पकडले गेले. २०२४ साली लेक डिस्ट्रिक्ट भागातील मेलेल्या मेंढीवरून घेतलेल्या नमुन्यात वाघ-सिंह-बिबट्यांच्या कुळाचा जनुकीय अंश सापडल्याचे वॉरिक विद्यापीठातील एका शास्त्रज्ञाने सांगितले. ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पण एका नमुन्यावरून फार तर एक जनावर सिद्ध होईल, पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे कूळ नव्हे. तसे कूळ तेथे असल्याचा पुरावा नाही.

केळापूरच्या माणसाला याचा उपयोग काय? इंग्लंडात चूक झाली तर वर्तमानपत्राचा रकाना वाया जातो. येथे चूक दोन्ही बाजूंनी जिवावर बेतते. ‘वाघ दिसला’ म्हणणाऱ्याला वेड्यात काढले, तर दुसऱ्या दिवशी गुराखी त्याच नाल्यात गुरे घेऊन जातो. उलट, प्रत्येक हललेल्या सावलीला वाघ म्हटले, तर लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्यासारखे होते. खऱ्या हाकेला कोणी धावत नाही, आणि भ्यालेला जमाव काठ्या घेऊन एखाद्या निरुपद्रवी तडसामागे लागतो.

म्हणून दिसल्याचे सांगणाऱ्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, आणि मग माती पाहावी. ठसा आढळला तर त्याच्यावर टोपली पालथी घालून ठेवावी, भोवती गर्दी करून तो पुसून टाकू नये. मेलेले गुरू ओढून नेण्यापूर्वी वनरक्षकास बोलावून पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाईलाही तोच आधार असतो. या साध्या गोष्टी ज्या गावात पाळल्या जातात, तेथे भीती जात नाही, पण तिला डोळे येतात. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. त्याच्याशी बोलण्याची रीत बदलून उपयोग नाही. तो कोठे आहे आणि कोठे नाही, हे नीट ठाऊक असलेले बरे.