लोहाच्या सलाईननंतर डोकं चालेनासं झालं तर



"डॉक्टर, रक्तवाढीचं सलाईन घेतलं, हिमोग्लोबिनही वाढलं, पण डोकंच चालत नाही." गॅसवर दूध ठेवल्याचं विसरायला होतं, हिशेब चुकतो, समोरच्याचं बोलणं कानावर पडतं पण मनात शिरत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मला हे अजिबात मान्य नाही. अशी तक्रार ऐकून घ्यायची असते आणि तिचं कारण शोधायचं असतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे हा प्रश्न घराघरातला आहे.

मुळात लोह कमी पडलं की मेंदूही मंदावतो. लक्ष आणि उत्साह टिकवणारं डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. सलाईन आज घेतलं तरी हिमोग्लोबिन वाढायला काही आठवडे जातात, डोक्यावरचं मळभही सावकाश हटतं. तेव्हा पहिल्या पंधरवड्यातला विसरभोळेपणा बऱ्याचदा जुन्या आजाराचाच असतो. त्याच दिवशीची गुंगी मात्र वेगळी. सलाईनच्या आधी किंवा रिअ‍ॅक्शन आल्यावर काही ठिकाणी अ‍ॅलर्जीचं जुन्या पद्धतीचं इंजेक्शन देतात. त्यानं झोप येते, कधी रक्तदाबही उतरतो, आणि दोष जातो लोहाला.

आता जे फारसं कुणी सांगत नाही, ते सांगतो. शिरेतून द्यायच्या लोहाचे अनेक प्रकार आहेत. आयर्न सुक्रोज थोडं थोडं करून, चार-पाच फेऱ्यांत देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत एक हजार मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, म्हणून ते सोयीचं. पण त्यामुळे एफजीएफ-२३ हे हाडांत तयार होणारं संप्रेरक वाढतं. ते मूत्रपिंडाला फॉस्फरस लघवीवाटे टाकून द्यायला लावतं आणि ड जीवनसत्त्वाचं कामही अडवतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकी चाचण्यांत हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या रक्तातला फॉस्फरस डेसिलिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला. फेरिक डेरिसोमाल्टोज हा लोहाचा दुसरा प्रकार घेतलेल्यांत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होतं. केवढा हा फरक!

बहुतेकांना हे जाणवतही नाही, आणि फॉस्फरस आपोआप वर येतो. पण काहींना प्रचंड थकवा येतो, मांड्यांत जोर राहत नाही, हाडं दुखतात. फॉस्फरस फारच उतरला तर बुद्धीचा गोंधळही उडू शकतो. खरी फसगत इथेच होते. हा थकवा हुबेहूब रक्तक्षयाच्या थकव्यासारखा वाटतो. बाई पुन्हा दवाखान्यात येते, "अजून अशक्तपणा आहे" म्हणते, आणि तिला तेच सलाईन पुन्हा लागतं. फॉस्फरस आणखी घसरतो. असं वारंवार झालं तर हाडं मऊ पडतात, मोडतातसुद्धा. अतिरजस्राव किंवा आतड्याचा जुना आजार असलेल्यांना पुन्हा पुन्हा लोह द्यावं लागतं, त्यांनी तर फारच जपायला हवं.

हे ऐकून सलाईनला घाबरू नका. गोळ्या सोसत नाहीत, बाळंतपण जवळ आलंय आणि हिमोग्लोबिन सातवर आहे, अशा वेळी हे औषध मोठा आधार असतं. ते रिअ‍ॅक्शनवर उपचारांची सोय असलेल्या दवाखान्यातच घ्या आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. श्वास लागला, चेहरा सुजला, चक्कर आली तर लगेच सांगा. घरी गेल्यावर कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

माझी एक विनंती आहे. कोणतं लोह दिलं, किती आणि कोणत्या तारखेला, हे आपल्या कागदावर लिहून मागा. आणि सलाईननंतर दोन-तीन आठवड्यांनीही थकवा वाढतच असेल, तर दुसऱ्या सलाईनला हात पुढे करण्याआधी डॉक्टरांना विचारा: "माझा फॉस्फरस तपासला का?"