नवकंकरीचा पट आणि चार माणसे



ज्या शाळेत मी अनेकदा अंगठे धरून उभा राहिलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावर व्याख्याता म्हणून उभे राहताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या आपल्या गणिताच्या बाई पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला, की वर्गाच्या फरशीवर खडूने एकात एक तीन चौकोन काढून आम्हांला नवकंकरी खेळायला बसवीत. पटावर चोवीस जागा, प्रत्येकाच्या नऊ कंकऱ्या. तीन एका रेषेत आल्या, की प्रतिपक्षाची एक उचलायची. पोटासाठी खानदेशातून सुरतेला आलेल्या आमच्या घरांत हा खेळ होता आणि शेजारच्या गुजराती घरांतही तो जवळजवळ याच नावाने होता.

हाच खेळ दोन गावांतल्या दोन माणसांना आपापल्या मोबाइलवर एकमेकांशी खेळता यावा, म्हणून आम्ही चौघांनी काही वर्षे खटपट केली. आजचे व्याख्यान त्या खटपटीविषयी आहे. ही यशोगाथा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

थोड्या माणसांनी असा उद्योग करणे नवे नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा ‘मड’ हा संगणकीय खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते, होते ते केवळ शब्द. आपल्याकडे नवी मुंबईच्या ‘गेमशन’ने २०१६ साली ‘लुडो किंग’ आणला आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घरोघर पोहोचला. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ हा खेळ केला. तो ऑनलाइन नव्हता. पण २०१७ साली लोकवर्गणीचे आवाहन अयशस्वी होऊनही त्या लहानशा चमूने तो २०२० साली जगापुढे ठेवला. अशी उदाहरणे आम्हांला धीर देत. मात्र उदाहरणावरून धीर येतो, रीत कळत नाही.

आम्ही चौघे म्हणजे कोण? मी दिवसा एका कापडव्यापाऱ्याच्या पेढीवर संगणकाचे काम करीत असे. दुसरा लिंबायतचा, भरतकामाच्या यंत्रांसाठी नक्षीची डिझाइने करणारा. त्याने पट आणि कंकऱ्या रेखाटल्या. तिसरी माझी वर्गभगिनी, जिने मोबाइलवरचा भाग लिहिला. चौथा मित्र हिशेब, तक्रारी आणि प्रचार सांभाळी. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात दाखवून दिले आहे, की रखडलेल्या संगणककामावर माणसे वाढवली तर ते अधिकच रखडते. कारण साधे आहे. चार माणसांत बोलण्याच्या जोड्या सहा होतात. दहा माणसांत त्या पंचेचाळीस होतात. लहान चमूचे बळ ते हेच. पण त्याचे दुसरे अंगही आहे. चौघांतला एक गेला, तर एक चतुर्थांश घर कोसळते. आमची वर्गभगिनी लग्नानंतर परगावी गेली, तेव्हा तिच्या डोक्यातले निम्मे कागदावर उतरलेलेच नव्हते. दोष तिचा नव्हता. लिहून ठेवण्यास वेळ द्यावा, हे मीच कधी म्हटले नाही. पुढचे तीन महिने तिने लिहिलेले समजून घेण्यात गेले.

दुसरी अडचण अंतराची. ॲमेझॉनचे सर्व्हरकेंद्र जून २०१६ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्यापूर्वी त्यांची सेवा घेणाऱ्यास सिंगापूरची वाट धरावी लागे. ज्या खेळांत क्षणाचा शंभरावा भागही मोलाचा, त्यांना हे अंतर जाचते. आमच्या खेळात माणूस विचार करून कंकरी सरकवतो. तेव्हा आपण सुटलो, असे आम्हांस वाटले. पण सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूरच्या आसपास गेली, की संपर्क तुटे आणि डाव अधांतरी राही. मग ठरवायचे काय? संपर्क खरोखर तुटला, की हरू लागलेल्या माणसाने मुद्दाम तोडला? सर्व्हरला दोन्ही सारखेच दिसते. प्रथम आम्ही तुटलेल्यास पराभूत ठरवले. प्रामाणिक प्रवासी रागावले. मग डाव रद्द करू लागलो; तेव्हा हरणारे हटकून ‘बोगद्यात’ शिरू लागले!

उपाय अखेर बुद्धिबळाच्या घड्याळात सापडला. प्रत्येकास संपूर्ण डावासाठी ठरावीक मिनिटे द्यायची आणि आपल्या पाळीत जो वेळ जाईल, तो ज्याच्या-त्याच्या शिलकीतून वजा करायचा. विचारात गेला, बोगद्यात गेला की लबाडीत गेला, हे विचारायचेच नाही. घड्याळ मात्र सर्व्हरचे. खेळाडूच्या मोबाइलवर विश्वासायचे नाही. बाई म्हणत, नियम असा असावा की समोरच्याची नियत तपासण्याची पाळी येऊ नये. त्याचा अर्थ मला वीस वर्षांनी कळला.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि तिच्याविषयी बोलताना मला आजही शरम वाटते. ऑनलाइन खेळाला खेळाडू लागतात आणि खेळाडू येण्यासाठी आधी तेथे खेळाडू असावे लागतात. रिकाम्या मैदानावर कोण थांबेल? रात्री उशिरा कधीकधी एकच माणूस पटापुढे ताटकळत बसलेला आम्हांला दिसे. नवकंकरी संगणकाला अवघड नाही; राल्फ गॅसर यांनी १९९३ साली सिद्ध केले, की दोन्ही बाजूंनी अचूक खेळल्यास डाव बरोबरीतच सुटतो. म्हणून मी संगणकाचाच एक खेळाडू बसवला, त्याला मधूनमधून चुका करायला शिकवले आणि नाव दिले ‘सुमनताई’. ती संगणक आहे, हे कोठेही लिहिले नाही. असे करणारे आम्ही पहिले नव्हतो, ही माझी सबब.

एकदा सर्व्हर दुरुस्तीसाठी ‘सुमनताईं’ना दोन दिवस बंद ठेवले. तिसऱ्या दिवशी नंदुरबारच्या एका वृद्ध बाईंचे पत्र तक्रारींच्या पेटीत आले. तक्रार काहीच नव्हती. ‘सुमनताई रोज रात्री खेळायला येतात, दोन दिवस दिसल्या नाहीत, त्यांची प्रकृती बरी आहे ना, माझा नमस्कार सांगा,’ एवढेच लिहिले होते.

त्या रात्री आमचे भांडण झाले. प्रचार सांभाळणाऱ्या मित्राचे म्हणणे, ‘सुमनताई’ गेल्या तर निम्मे लोक जातील. त्याचे म्हणणे चूक नव्हते. तरीही आम्ही पटावर त्या नावाच्या जागी ‘संगणक’ असे लिहिले आणि त्या वृद्ध बाईंना खरे काय ते कळवून क्षमा मागितली. त्यांचे उत्तर आले नाही. त्या पुन्हा खेळायलाही आल्या नाहीत. बरेच खेळाडू गेले. उरलेल्यांसाठी रात्री नऊ ते दहा ही एकच वेळ ठरवून दिली, म्हणजे जे थोडे आहेत ते एकमेकांस भेटतील. हे आधीच सुचायला हवे होते. कट्ट्यावर माणसे जमतात ती ठरल्या वेळीच.

चौथी अडचण पैशाची. सर्व्हरचे भाडे दरमहा द्यावे लागे. एका गृहस्थांनी सुचवले, डावावर पैसे लावू द्या, टक्केवारी घ्या. चौघांनी नकार दिला. तो मात्र भांडणाशिवाय. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे खेळ यांना उत्तेजन देण्याचे धोरण ठरले. तेव्हा आमचा नकार शहाणपणाचा ठरला, असे लोक म्हणाले. खरे तर आम्हांला कायद्याची चाहूल नव्हती. बाईंच्या वर्गात कंकऱ्या चिंचोक्यांच्या असत आणि डाव संपल्यावर त्या डब्यात परत ठेवाव्या लागत, एवढेच आठवत होते.

आज आमचा खेळ लहानच आहे. त्यातून कोणाचा संसार चालत नाही. येथील विद्यार्थ्यांपैकी कोणी या वाटेने जाणार असेल, तर त्याला तीन गोष्टी सांगतो. जे डोक्यात आहे ते सहकाऱ्यासाठी रोज लिहून ठेवा. नियम असे करा, की लबाडाला फायदा नाही आणि प्रामाणिकाला शिक्षा नाही. आणि पटाच्या पलीकडे कोण बसले आहे, हे खेळणाऱ्याला खरे सांगा. कारण तो कंकरीपेक्षा त्या माणसासाठी आलेला असतो.

नंदुरबारच्या त्या बाईंचे पत्र मी जपून ठेवले आहे. आपल्या बाई असत्या, तर त्यांनी ते वाचून मला पुन्हा अंगठे धरायला लावले असते आणि ते योग्यच झाले असते.