चीज कोणी हलवले?



संयोजकांनी 'माझे अलीकडचे वाचन' असा मोकळा विषय दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. गेली काही वर्षे माझ्या टेबलावर कथा-कादंबऱ्या आणि लेखसंग्रह यांच्या शेजारी एक तिसराच प्रकार येऊन बसला आहे. तो म्हणजे कार्यसंस्कृतीची पुस्तके. आमच्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाचे तास मराठीच्या प्राध्यापकांकडे येतात. (भाषेचे तास कमी झाले की ते कशाने तरी भरून काढावे लागतात!)

ही पुस्तके हसण्यावारी नेऊ नयेत. त्यांची वाक्ये छोटी असतात आणि कादंबरीच्या पन्नासाव्या पानावर अडणारा विद्यार्थी ती एका बैठकीत संपवतो. स्पेन्सर जॉन्सन यांचे 1998 सालचे 'हू मूव्हड माय चीज?' घ्या. दोन उंदीर आणि उंदरांएवढीच दोन माणसे एका भुलभुलैयात राहतात. एके दिवशी त्यांचे चीज नाहीसे होते. "चीज कोणी हलवले?" म्हणून ओरडणारा हेम तिथेच बसून राहतो. हॉ मात्र पायांत बूट चढवून नवे चीज शोधायला निघतो आणि शहाणा ठरतो.

वर्गात हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "पण मॅडम, हलवलं कोणी?"

पुस्तकाला शीर्षक देणारा प्रश्न पुस्तकात मूर्खाच्या तोंडी घातला आहे, हे माझ्या मते फार सूचक आहे. नोकरी गेलेल्या माणसाला ही गोष्ट धीर देते, हे खरे. पण ती त्याला नोकरी काढून घेणाऱ्याकडे पाहू देत नाही.

आमचे लेखक मात्र त्या प्रश्नापाशीच थांबतात. अनिल अवचटांचे निपाणीवरचे लेखन पुन्हा काढून वाचा. तंबाखूच्या वखारीत खकाण्यात दिवस काढणाऱ्या बायका, त्यांची मजुरी, मालकांची गावावरची पकड हे सारे ते साध्या, जवळजवळ कोरड्या भाषेत लिहितात. विशेषणांवर ते भिस्त ठेवत नाहीत. निपाणी आपल्या बेळगाव जिल्ह्यातली, म्हणून आपल्याला ते अधिक लागते. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाला 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाची पार्श्वभूमी आहे. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. धुरींच्या घरातला एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये रमतो आणि एक गुंडगिरीत जातो. म्हणजे तिघेही हॉसारखे बाहेर पडलेच होते. पण भुलभुलैयाच्या भिंती कोणी बांधल्या, हे ते नाटक विसरू देत नाही.

तक्रार आपल्या साहित्याबद्दलही आहे. नेमाड्यांच्या चांगदेवामुळे प्राध्यापकाची नोकरी कादंबरीत मुबलक आली. साहजिकच आहे, लिहिणारे पुष्कळजण प्राध्यापकच! पण माझी माजी विद्यार्थिनी पुण्याहून फोनवर "सध्या बेंचवर आहे" म्हणते, तेव्हा तिची धास्ती सांगणारी मराठी कादंबरी मला चटकन सुचवता येत नाही. प्रोजेक्ट नाही, पगार चालू आहे, आणि रोज सकाळी कार्ड दाखवून आत जायचे. या बसून राहण्यावर कोणी लिहायचे? इथे बसलेल्या तरुण लेखकांना मी हे मुद्दाम विचारते आहे.

त्या तासानंतर मी मुलांना घरातल्या एखाद्याच्या कामाविषयी एक पान लिहायला सांगितले. पुष्कळांनी 'माझे बाबा कष्टाळू आहेत' इथून सुरुवात केली आणि तिथेच ते संपले. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने मात्र आईच्या विड्यांविषयी लिहिले. हजार विड्यांतल्या किती विड्या ठेकेदार छाट म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी कशी मिळत नाही, आणि त्या छाट विड्या घरीही नेता येत नाहीत, हे तिने मांडले होते. शेवटी लिहिले होते, "त्या विड्यांचं पुढं काय होतं, ते आईनं अजून विचारलेलं नाही. मी शनिवारी तिच्याबरोबर जाणार आहे."