इतिवृत्तातला एक शब्द



कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी गावोगावची साहित्य संमेलने सीमाभागाने लोकवर्गणीतून उभी केली आणि टिकवली. अशा संमेलनांच्या खुर्चीत कवी, कादंबरीकार, समीक्षक बसतात. यंदा तुम्ही शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला बसवलेत. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवला, संध्याकाळी खेळाच्या बातम्या लिहिल्या आणि सुट्टीत गावच्या स्पर्धा भरवल्या. माझ्या हातून झालेले बरेचसे लेखन म्हणजे स्कोअरबुक, बातम्या आणि समितीची इतिवृत्ते. आज बोलणार आहे ते त्याच लेखनाविषयी. खेळाडू चुकतो तेव्हा खेळ चालवणारा माणूस काय लिहितो? त्याचे पत्रक, त्याचे निवेदन, सभेच्या प्रोसिडिंगातली त्याची ओळ, या सगळ्याकडे आपण कधी लेखन म्हणून पाहत नाही. खेळाचा प्रामाणिकपणा पहिल्यांदा ढळतो तो तिथे, असे मला अनुभवाने वाटते.

सुरुवात घरापासून करतो. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये बेळगावी पँथर्स नावाचा संघ होता. नावाचे मोल सीमाभागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण त्या संघाचा सामना लागला की मराठी घरातली आणि कानडी घरातली पोरे एकाच टीव्हीसमोर बसून एकाच संघासाठी ओरडत. बेळगावच्या ऑटोनगरला क्रिकेट संघटनेचे स्टेडियम झाले होते, आपला रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळत होता, आणि चव्हाट गल्लीतल्या पोरालाही वाटत होते की बंगळूर काही फार लांब नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये बंगळूरच्या केंद्रीय गुन्हे शाखेने या संघाच्या मालकालाच सट्टेबाजीच्या आरोपाखाली अटक केली. नोव्हेंबरमध्ये बळ्ळारी संघाचे दोन खेळाडू पकडले गेले. हुबळीविरुद्धच्या अंतिम सामन्यात मुद्दाम संथ फलंदाजी करण्यासाठी वीस लाख रुपये ठरले होते, असा पोलिसांचा आरोप होता. डिसेंबरमध्ये पँथर्सच्या प्रशिक्षकाला अटक झाली आणि ते राज्य संघटनेच्या व्यवस्थापकीय समितीवरही होते. ज्यांनी लक्ष ठेवायचे त्यांच्याच टेबलापाशी प्रकरण पोहोचले. मी यांची नावे इथे घेत नाही, कारण जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने यातल्या काही आरोपींवरचा खटला रद्द केला. सामना निश्चित करणे हे अप्रामाणिकपणाचे, बेशिस्तीचे लक्षण असेल, पण भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मधली फसवणूक त्यात बसत नाही, आणि खेळाडूवर कारवाई करायचा अधिकार क्रिकेट मंडळाचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. राज्य सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

या निकालाचा कायद्याच्या दृष्टीने कीस वकील काढतील. मला त्यातले एकच वाक्य महत्त्वाचे वाटते: कारवाई मंडळाने करायची. म्हणजे कायद्याचा हात जिथे पोहोचत नाही तिथे लीगच्या प्रमुखाचा प्रामाणिकपणा एवढाच आधार उरतो. प्रेक्षकाने तिकीट काढले, रात्र जागवली, आणि समोरचा खेळ खरा होता की नाही हे सांगणारा दुसरा कोणी नाही. या सगळ्या काळात माझ्यासारख्या माणसाला जे कळले ते पोलिसांकडून आणि वर्तमानपत्रांतून. मला लीगच्या तोंडून ऐकायचे होते की आम्हाला काय माहीत होते, कधीपासून होते, आणि आम्ही काय केले नाही. लीग थांबली. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराजा ट्रॉफी या नावाने नवी स्पर्धा आली, तिच्यात सहा संघ होते. बंगळूर, म्हैसूर, हुबळी, शिमोगा, मंगळूर, गुलबर्गा. बेळगाव नव्हते. माझ्या वर्गातल्या एका पोराने विचारले, "सर, आपलं नाव का काढलं?" त्या पोराने काय चूक केली होती?

क्रिकेटच्या वरच्या पातळीवरचे चित्र तुम्हाला ठाऊक आहे. मे २०१३ मध्ये आयपीएलमधले राजस्थानचे तीन खेळाडू पकडले गेले, त्यात मुंबईचा अंकित चव्हाण होता. त्याच सप्टेंबरात मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले, बंदी राहिली, आणि ती सात वर्षांवर यायला २०२१ उजाडले. खेळाडूचा निकाल चार महिन्यांत लागला. मालकांच्या बाजूचे काय झाले ते पाहा. मंडळाने आपणच नेमलेल्या दोन निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने त्यांना निर्दोष ठरवले, आणि ती समितीच बेकायदा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. मग सर्वोच्च न्यायालयाने मुद्गल समिती नेमली, मार्च २०१४ मध्ये आयपीएलपुरती सूत्रे सुनील गावसकरांकडे द्यायला लावली, लोढा समिती आली, आणि जुलै २०१५ मध्ये चेन्नई व राजस्थान हे दोन संघ दोन वर्षांसाठी बाहेर गेले. दरम्यान मुद्गल समितीने काही नावे बंद पाकिटात न्यायालयाला दिली होती. त्यातली थोडी पुढे उघड झाली, बाकीची पाकिटातच राहिली. खेळाडूला भर चौकात शिक्षा आणि बड्यांना लिफाफा, हे त्या पोराला कसे समजावून सांगायचे, मला आजही सुचलेले नाही.

साहित्याच्या व्यासपीठावर आहे म्हणून एका साहित्याच्या प्राध्यापकाची गोष्ट सांगतो. बार्टलेट जियामाटी हे येल विद्यापीठात युरोपच्या प्रबोधनकाळातले साहित्य शिकवत, पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, आणि एप्रिल १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉलचे कमिशनर. आल्या आल्या त्यांच्यापुढे पीट रोझचे प्रकरण उभे राहिले. रोझ म्हणजे ४२५६ फटक्यांचा विक्रमवीर, आपल्याकडे गावसकर-तेंडुलकरांना जो मान तो तिकडे त्याला. त्या वेळी तो सिनसिनाटी संघाचा व्यवस्थापक होता आणि बेसबॉलवर पैसे लावतो असा आरोप होता. चौकशी अधिकाऱ्याने २२५ पानांचा अहवाल दिला. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी केलेली तडजोड २४ ऑगस्ट १९८९ रोजी जाहीर झाली. रोझ कायमचा बाहेर जाईल, पण त्याने सट्टा लावला असा औपचारिक निष्कर्ष कागदावर येणार नाही.

इथवर कोणीही कमिशनर आला असता. त्याच दिवशी पत्रकारांनी जियामाटींना विचारले, तुमचे स्वतःचे मत काय? मसुदा समोर होता, त्याच्याआड लपता आले असते. त्यांनी सांगितले की पुरावा पाहून माझा निष्कर्ष असा आहे की त्याने बेसबॉलवर पैसे लावले. तडजोडीच्या भावनेला हे धरून नव्हते, अशी टीका झाली. मला ती मान्य नाही. तुम्ही एखाद्याला आयुष्यभरासाठी घराबाहेर काढता तेव्हा का काढले हे सांगायची जबाबदारी तुमच्या अंगावर येते. आठ दिवसांनी, १ सप्टेंबरला, हृदयविकाराने जियामाटी गेले. वय ५१. रोझने पुढे जवळजवळ पंधरा वर्षे इन्कार केला आणि २००४ मध्ये आपल्या पुस्तकात कबुली दिली. रोझ गेल्यानंतर, २०२५ मध्ये, त्याचे नाव बंदीच्या यादीतून काढले गेले. शिक्षेविषयीची मते बदलू शकतात. १९८९ मध्ये त्या माणसाने सांगितलेले खरे ते मात्र तेव्हाही खरे होते.

याच्या उलट उदाहरण त्याच देशातले. २०१४ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या रे राइसने आपल्या होणाऱ्या बायकोला मारले. लीगच्या कमिशनरने दोन सामन्यांची बंदी दिली. लोक खवळल्यावर निर्णय चुकल्याची कबुली दिली, तोवर ठीक होते. सप्टेंबरात लिफ्टमधल्या मारहाणीची चित्रफीत बाहेर आली आणि त्याच गुन्ह्यासाठी बेमुदत बंदी आली, कारण दिले की खेळाडूने आम्हाला नीट सांगितले नव्हते. नोव्हेंबरात निवृत्त न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून निकाल दिला की त्याने लीगची दिशाभूल केली नव्हती, आणि दुसरी शिक्षा रद्द झाली. बायकोवर हात उचलणाऱ्याची बाजू मी घेत नाही. त्याची शिक्षा पहिल्याच दिवशी कडक हवी होती. पण आपली चूक झाकायला दोषी माणसावर आणखी एक खोटा दोष ठेवला की खरा दोषही हातचा निसटतो.

आता कुस्ती. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात बसलेल्या माणसाला मी कुस्ती काय सांगणार! तिथे पाठ लागली की लागली, हजार डोळे साक्षीला असतात. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेला पंचांनी चितपट ठरवले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे तो म्हणत राहिला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्री अंतिम कुस्ती सोडून महेंद्र गायकवाड मॅटबाहेर गेला. गदा पृथ्वीराज मोहोळच्या खांद्यावर आली आणि राक्षे-गायकवाड दोघांना तीन वर्षांचे निलंबन झाले. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा हवीच, त्यात मला काडीचाही संशय नाही. पण पाठ टेकली होती का, हा वेगळा प्रश्न होता आणि राज्यभरचे पैलवान तो विचारत होते. लाथेचा निकाल जितक्या झटपट दिला, तितक्याच झटपट चित्रफीत सर्वांसमोर लावून याचेही उत्तर द्यायला हवे होते. तालमीतला पोरगा शिक्षा सोसतो. निम्मीच गोष्ट सांगितली की तो पेटतो.

एवढे बोलायचा अधिकार मला आहे का, हे मी स्वतःला विचारले. म्हणून माझे सांगतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निपाणी भागातल्या एका टेनिस बॉल स्पर्धेचा मी सचिव होतो. सुगी उरकलेली, तंबाखूचे पैसे हातात आलेले, मैदानाच्या कडेला ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या आणि त्यावर माणसे. उपांत्य सामन्यात पंच होते एक प्राथमिक शाळेचे मास्तर. पांढरी टोपी, खिशात चेंडू मोजायला सहा खडे. एका धावबादच्या निर्णयावर पलीकडच्या गावचा गोलंदाज चिडून आला आणि त्याने मास्तरांच्या कानशिलात मारली. टोपी पडली. मास्तर खाली वाकले, टोपी उचलली, मग पडलेले खडे एकेक शोधून उचलले, आणि षटक पुरे केले.

रात्री एका कापड दुकानाच्या मागच्या खोलीत समितीची सभा बसली. तो गोलंदाज नसेल तर अंतिम सामन्याला गर्दी होणार नाही, बक्षीस देणारे नाराज होतील, दोन गावांत तेढ वाढेल. सगळी कारणे खरी होती. प्रोसिडिंग माझ्या हातात होते. मी लिहिले, "मैदानावर किरकोळ बाचाबाची झाली, ती आपसांत मिटवण्यात आली." सर्वांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी तो खेळला, त्याने पाच बळी घेतले, मी स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला.

पुढच्या वर्षी मास्तर पंच म्हणून आले नाहीत. बऱ्याच वर्षांनी निपाणीच्या बस स्टँडवर भेटले. चहा घेतला. मी विषय काढला तर म्हणाले, "मार लागला त्याचं काय नाही हो सर. खेळात पोरं तापत्यात. तुम्ही बाचाबाची लिवलासा, ते लागलं. बाचाबाची दोघांची असते. मी कुठं हात उचललो होतो?"

मी मराठीवर प्रेम करतो असे समजत होतो. इतकी वर्षे त्या शब्दाने एका निरपराध माणसाला भांडणातला भागीदार करून ठेवले होते, आणि तो शब्द माझा होता.

ती स्पर्धा कधीच बंद पडली. प्रोसिडिंगची वही एका जुन्या सभासदाच्या माळ्यावर सापडली, कसरीने कडा खाल्लेली. गेल्या महिन्यात ती मागून आणली. जुनी ओळ खोडली नाही, तशीच ठेवली. समासात लिहिले: "धावबादच्या निर्णयावरून गोलंदाजाने पंचांच्या कानशिलात मारली. पंचांनी हात उचलला नाही. समितीला हे माहीत होते. समितीने गर्दीसाठी कारवाई केली नाही आणि सचिवाने खोटे लिहिले." खाली सही केली.

मग मास्तरांना फोन लावला आणि वाचून दाखवले. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटले, फोन कटला.

"तारीख घातलासा काय?" त्यांनी विचारले.

"घातली."

"कुठली? तवाची का आजची?"

"आजची."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले.